काय पाहायचे, हे शिकवणारा दिवस

चित्रकलेच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यासमोर विषय मांडून ठेवलेला असतो. स्थिरचित्राच्या तासाला टेबलावर चुण्या पाडलेले कापड, पितळी तांब्या आणि दोन-चार फळे असतात; व्यक्तिचित्रणाच्या तासाला चौथऱ्यावर मॉडेल बसलेले असते. उजेड कोणत्या खिडकीतून येणार, माध्यम कोणते, कागद केवढा, सबमिशन कोणत्या तारखेला, हे सगळे आधीच ठरलेले. या शिस्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रमाण चुकले की चित्र फसते, छायाप्रकाश कळला नाही की फळाला गोलाई येत नाही, आणि या गोष्टी ढीगभर कागद खर्ची घातल्याशिवाय हातात उतरत नाहीत. तरीही चार वर्षे पुढ्यात ठेवलेलेच काढत राहिलेल्या मुलाला पदवी मिळाल्यावर गाठतो तो वेगळाच प्रश्न: आता काढायचे काय? हात तयार असतो, पण जगाच्या पसाऱ्यातून आपला विषय उचलण्याची सवय डोळ्यांना लागलेली नसते. ही सवय वर्गात लागणे अवघड आहे, कारण वर्गाची रचनाच निवडीचे काम शिक्षकाकडे ठेवते. म्हणून कलाशाखेतला मुलगा किंवा मुलगी एखाद्या मित्रमैत्रिणीला घेऊन दिवसभर रमतगमत हिंडून येते, आणि संध्याकाळी दाखवायला फारसे काही नसते, तेव्हा घरच्यांना दिवस वाया गेला असे वाटते, ते मला पटत नाही. तो दिवस अभ्यासाचाच असतो. त्यात जे शिकून होते ते दुसऱ्या कोणत्याही तासाला शिकवता येत नाही, आणि ते शिकायला त्या दिवसाला मोकळेपणा लागतो, तशीच सोबतही लागते.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे उदाहरण घेऊ. 1857 साली सुरू झालेली ही शाळा 1878 पासून आजच्या आवारात आहे. फाटकातून बाहेर पडले की एका बाजूला क्रॉफर्ड मार्केट लागते. तिथल्या दर्शनी कमानींवरची दगडी उठावशिल्पे आणि आतले कारंजे लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यावरून घडले, आणि किपलिंग याच शाळेत शिकवत होते. दुसऱ्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतीवरच्या कोरीव कामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे आज तिथून रोज लोकल पकडणारा विद्यार्थी आपल्याच शाळेतल्या जुन्या मुलांच्या कामाखालून जातो, आणि गाडी चुकेल या धाकाने मान वर करत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघे जण तिथे थांबू शकतात. एकाला खांबांच्या माथ्यावरची पाने आणि पाण्याच्या पन्हाळींवरचे प्राणी दिसतात, दुसरीला त्याच भिंतीच्या सावलीत हातगाडीवर पाय पसरून झोपलेला हमाल दिसतो. तिथून फोर्टमधून चालत राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, काळा घोडा. 1952 पासून उघडी असलेली जहांगीर आर्ट गॅलरी, जिथे आत जायला तिकीट लागत नाही. शेजारीच 1922 मध्ये लोकांसाठी खुले झालेले वस्तुसंग्रहालय, पलीकडे 1996 पासूनचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. हे सारे पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहे आणि एका दिवसात पुरे होणारे मुळीच नाही. पुरे होणार नाही हेच बरे, कारण त्यामुळे काहीतरी सोडावे लागते. संग्रहालयात लघुचित्रांपाशी थांबायचे की शिल्पांच्या दालनात, जहांगीरमधले प्रदर्शन पाहायचे की बाहेर पदपथावर चित्रे मांडून बसलेल्यांशी बोलायचे, हे दोघांनी मिळून आणि थोडे वाद घालून ठरवायचे असते. निवडीचा सराव होतो तो इथे.

या निवडीला सोबतीची गरज का पडते, याचा फार चांगला दाखला 1869 च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळ सापडतो. सीन नदीकाठी ला ग्रनुइयेर नावाची एक जागा होती: तराफ्यावरचे तरंगते उपाहारगृह, भाड्याच्या होड्या, पोहणाऱ्यांची गर्दी आणि मध्ये एकच झाड असलेले चिमुकले बेट. रविवारी शहरातले लोक रेल्वेने तिथे मौजेला येत. क्लोद मोने आणि ओग्युस्त रन्वार तेव्हा तिशीच्या आत होते, दोघेही कफल्लक. त्यांनी तिथे शेजारी शेजारी बसून चित्रे काढली. मोने यांचे एक चित्र आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रन्वार यांचे त्याच जागेचे चित्र स्टॉकहोमला. बेट तेच, झाड तेच, बसण्याची जागाही जवळजवळ तीच. पण मोने यांनी पाणी निवडले आहे. होड्यांच्या मधले पाणी रुंद, आडव्या, एकमेकांना न मिसळलेल्या फटकाऱ्यांनी भरले आहे आणि माणसे हाताच्या बोटाएवढ्या ठिपक्यांत आटोपली आहेत. रन्वार बेटाच्या जवळ सरकले आहेत. त्यांना कपडे, टोप्या, एकमेकांकडे वळलेली माणसे हवी आहेत आणि त्यांचा कुंचला पिसासारखा हलका पडतो. दोघांपैकी एकच तिथे गेला असता तर त्याला वाटले असते की समोर जे होते ते मी काढले. शेजारच्याचा कॅनव्हास पाहिल्यावर तसे म्हणता येत नाही. आपण जे काढले ती आपली निवड होती, हे मित्राच्या चित्रामुळे उघड होते. हे ज्ञान आरशात मिळत नाही, पुस्तकात वाचून नुसते कळते. शेजारी बसलेल्या बरोबरीच्या माणसाकडून ते असे मिळते की विसरता येत नाही. शिक्षकाकडून ते तितकेसे मिळत नाही, कारण शिक्षकाचे वेगळेपण विद्यार्थी त्याच्या अनुभवाच्या खात्यावर टाकतो. मित्राचे वेगळेपण तसे टाकता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की ते दोघे तिथे कामाला गेले होते, हिंडायला नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण थोडे मागे जाऊन पाहिले की त्याची धार जाते. मोने, रन्वार, सिस्ले आणि फ्रेडरिक बाझीय यांची ओळख 1862 च्या सुमारास शार्ल ग्लेर यांच्या चित्रशाळेत झाली. त्या काळी चित्रकाराचे यश ज्या मार्गाने येई, त्यात विषय ठरलेले होते: पुराणकथा, बायबल, इतिहास. मोने यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, मॉडेलचे पाय जसे मोठे होते तसे काढल्याबद्दल ग्लेर यांनी त्यांना टोकले आणि आकृती काढताना प्राचीन शिल्पे मनात ठेवायला सांगितले. अशा वर्गातून 1863 च्या ईस्टरच्या सुट्टीत मोने आणि बाझीय फोंतेनब्लोच्या जंगलाकडेला शाई या गावी गेले. बाझीय तेव्हा वडिलांच्या इच्छेखातर वैद्यकी शिकत होते आणि पुढच्या वर्षी परीक्षेत नापास झाले. त्यांच्या घरच्यांना ही भटकंती कशी वाटली असेल याची कल्पना आपल्याकडच्या पालकांना करता येईल. रेल्वे झाली होती आणि 1841 पासून रंग पत्र्याच्या ट्यूबमध्ये मिळू लागले होते, म्हणून अशा सहली शक्य झाल्या, हे खरेच. पण रेल्वेने माणूस पोचतो तेवढाच. नदीकाठची फराळाची पंगत, होडीत बसलेली जोडपी, बागेतल्या उन्हाच्या कवडशात उभ्या असलेल्या बायका हे चित्राचे विषय होऊ शकतात, हे त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने सांगितले नव्हते. ते विषय त्यांना त्यांच्या सुट्टीतच भेटले. ज्या चित्रपद्धतीला पुढे इंप्रेशनिझम म्हणू लागले, तिच्यातल्या कितीतरी चित्रांचा विषय म्हणजे मोकळा दिवस. काम आणि हिंडणे यांतली सीमा तिथे आखता येत नाही. बाझीय 1870 च्या नोव्हेंबरात युद्धात मारले गेले, वय अठ्ठावीस. त्याआधी त्यांनी मोने यांच्या चित्रासाठी मॉडेल म्हणून उभे राहणे, पायाला दुखापत होऊन मोने अंथरुणाला खिळले असताना त्यांची शुश्रूषा करणे आणि त्या अवस्थेतल्या मित्राचेच चित्र काढणे, मोने यांचे एक मोठे चित्र अडीच हजार फ्रँकला हप्त्याहप्त्याने विकत घेणे, असे सगळे केले. मैत्री आणि शिक्षण यांची इतकी गुंतलेली वीण क्वचितच दिसते.

आपल्याकडेही दाखला आहे. 1947 च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले सहा जण वेगवेगळ्या घरांतून आणि वाटांनी आलेले होते. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना जे. जे.मधून काढून टाकलेले, हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले, आरा घरकाम आणि गाड्या धुण्याचे काम केलेले. 1948 मध्ये हुसेन आणि सूझा दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती भवनात, म्हणजे त्या वेळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहून आले. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे पाहून आपली चित्रे बदलली, असे हुसेन पुढे सांगत राहिले. हुसेन यांच्या चित्रांतले त्रिभंगात उभे असलेले शरीर आणि सपाट, तापलेले रंग पाहिले की या सांगण्यात तथ्य आहे हे पटते. तेच प्रदर्शन पाहून आलेल्या सूझांच्या चित्रांनी वेगळीच वाट धरली. त्यांची जाड काळी रेषा आणि ओरखडल्यासारखे चेहरे हुसेन यांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहावेत.

आता मोकळेपणाबद्दल. दिवसाला वेळापत्रक असले तर काय बिघडते? बिघडते ते असे, की पाहण्याला लागणारा वेळ आधी सांगता येत नाही. हार्वर्डमध्ये कलेतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीसमोर सलग तीन तास बसायला लावतात. 2013 मध्ये त्यांनी याविषयी लिहिताना स्वतःचाच अनुभव दिला. पाळलेली खार घेऊन बसलेल्या एका मुलाचे जॉन सिंगल्टन कॉप्ली यांनी 1765 मध्ये काढलेले चित्र त्या पाहत होत्या. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांची कड सारखी आहे, हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटे लागली. मागच्या पडद्याच्या चुण्यांत मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचे आकार पुन्हा आले आहेत, हे दिसायला पाऊण तास. या बाई व्यवसायाने चित्रे पाहणाऱ्या. मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका दालनातून वीस मिनिटांत बाहेर यावे अशी अपेक्षा ठेवण्यात काय अर्थ आहे? सहलीच्या बसची वेळ ठरलेली असते, यादीतली सहा ठिकाणे उरकायची असतात, हजेरी घ्यायची असते. शैक्षणिक सहली चांगल्याच आहेत. जे. जे.तले शिक्षक ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून तिथल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्या कामाचे मोल मोठे आहे. पण तिथेही काय पाहायचे ते ग्रिफिथ्स यांनी ठरवले होते.

दिवसभर दोघे गप्पाच मारत बसतील, पाहणार कधी, अशीही शंका असते. ती खरी ठरूही शकते, आणि सगळी सोबत सारख्या गुणाची नसते हे मान्यच करायला हवे. जो मित्र प्रत्येक चौकात घड्याळ पाहतो त्याच्याबरोबर काही दिसत नाही. पण गप्पा म्हणजे पाहण्यातला अडथळा हे गृहीतक तपासून घ्यावे लागेल. 'या लाल रंगाने माझे डोके उठले' असे मित्र म्हणाला की आपल्याला तो लाल का आवडला, हे शब्दांत मांडणे भाग पडते, आणि मांडताना कळते की आवडला होता तो त्याच्या शेजारचा राखाडी. जहांगीरमधले समोवार हे उपाहारगृह 1964 ते 2015 असे अर्धशतक चालले. परवडणाऱ्या चहावर तासन्‌तास बसलेले विद्यार्थी आणि नामवंत चित्रकार तिथे एकमेकांशेजारच्या टेबलांवर असत. नुकत्याच पाहिलेल्या प्रदर्शनाबद्दलचा वाद तिथे गरम असतानाच व्हायचा. ते बंद झाल्याची हळहळ नुसत्या स्मरणरंजनाची म्हणून उडवून लावू नये. पाहणे आणि बोलणे यांना जोडणारी एक जागा शहरातून गेली.

मोठा चित्रकार एकटाच असतो, हा समजही आपल्याकडे घट्ट आहे, आणि वासुदेव गायतोंडे यांचे नाव त्यासाठी हमखास घेतले जाते. उत्तरायुष्यातले त्यांचे एकांतप्रिय राहणे सर्वश्रुत आहे. पण तेच गायतोंडे 1948 मध्ये जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडल्यावर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते, आणि तिथे हुसेन होते, अल्काझींचे नाटक होते, रविशंकर यांची सतार होती. एकांत त्यांनी माणसांमधून हिंडून झाल्यावर निवडला. विसाव्या वर्षी लाभलेला एकटेपणा बहुधा कोणी निवडलेला नसतो.

फोनचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. सगळे फोटोत येते, मग जायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. संग्रहालयात आलेल्यांनी ज्या वस्तूंचे सरसकट फोटो काढले त्या दुसऱ्या दिवशी त्यांना कमी आठवल्या. ज्या नुसत्या पाहिल्या त्या अधिक. मात्र ज्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितले होते, त्यांच्या आठवणीत घट झाली नाही. भाग टिपायला निवडावा लागतो. दोष कॅमेऱ्याचा नसून न निवडता टिपण्याचा आहे, असे मी त्यातून समजतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप राहिला आहे, आणि तो या लेखाच्या मुळावर येणारा आहे: मोकळेपणी हिंडण्याची ही चैन सगळ्यांना कुठे मिळते? पैशांचे उत्तर काही अंशी देता येते, कारण लोकलचा पास, वडापाव आणि विनातिकीट गॅलरी एवढ्यावर मुंबईत दिवस निघतो. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला रंकाळा आणि पंचगंगेचा घाट आहे, जिथे आबालाल रहिमान यांनी आयुष्य घातले, नाशिकच्या विद्यार्थ्याला गोदाघाट आहे. मुलींच्या बाबतीत इतके सोपे उत्तर नाही. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या मारी बाश्किर्तसेव यांनी 1879 च्या जानेवारीत रोजनिशीत लिहिले की त्यांना हवे आहे ते एकटीने बाहेर पडण्याचे, बागेतल्या बाकावर बसण्याचे, दुकानांच्या काचांपाशी थांबण्याचे, जुन्या गल्ल्यांतून रात्री हिंडण्याचे स्वातंत्र्य, आणि त्यावाचून खरा कलावंत होता येत नाही. पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या मुलीने मोकळेपणाबद्दलचा माझा सगळा युक्तिवाद सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश मिळायला 1897 उजाडले. बेर्त मोरिसो आणि तिची बहीण एदमा या दोघींनी चित्रकार कोरो यांच्याकडे धडे घेतले, लूव्हरमध्ये आईच्या पहाऱ्यात नकला केल्या, 1864 च्या सालाँ या सरकारी प्रदर्शनात दोघींची चित्रे लागली. एदमाचे लग्न झाले ते 1869 मध्ये, म्हणजे मोने आणि रन्वार ज्या वर्षी नदीकाठी शेजारी शेजारी बसले त्याच वर्षी. त्या उन्हाळ्यात बेर्त बहिणीला भेटायला लोरियाँ बंदरात गेली आणि तिने बंदराचे चित्र काढले. त्यात एदमा कठड्यावर छत्री घेऊन बसलेली आहे. आदल्या वर्षापर्यंत ती अशा वेळी आपला कॅनव्हास घेऊन बसली असती. लग्नानंतर तिने चित्रकला जवळपास सोडली.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईतल्या स्त्रियांवरचे 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक 2011 साली आले. बाईला शहरात वावरताना सतत काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नसतो, हे त्यांनी तपशिलाने मांडले आहे. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला याची झळ दुहेरी बसते, कारण रेंगाळणे हेच तिचे काम आहे. पुलाच्या कठड्याला टेकून अर्धा तास एकाच दिशेने पाहणाऱ्या मुलाला कोणी हटकत नाही. मुलीभोवती दहा मिनिटांत कोंडाळे जमते. मैत्रीण बरोबर असली की एक काढते आणि एक आजूबाजूला लक्ष ठेवते, मग अदलाबदल. म्हणजे मुलाला जी सोबत दुसऱ्याची नजर म्हणून उपयोगी पडते, ती मुलीला आधी जागेवर टिकून राहण्यासाठी लागते. हे न्याय्य नाही. पण म्हणून मोकळ्या दिवसाचे महत्त्व कमी होत नाही, उलट ज्यांना तो मिळत नाही त्यांचे किती शिक्षण बुडते, ते यातून दिसते. मुलीला 'कशाला हिंडायला हवे, कॉलेजात शिकवतात ना' असे सांगणारे घर तिच्या अभ्यासक्रमातला एक पूर्ण विषय काढून टाकत असते.

महाविद्यालयांना यात करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. दर सत्रात दोन-तीन दिवस असे द्यावेत की त्यांची हजेरी लागेल, पण ठिकाण आणि विषय विद्यार्थी जोडीने ठरवतील. विद्यार्थिनींच्या घरी महाविद्यालयाचे पत्र जावे; त्या कागदाने कितीतरी दारे उघडतील. परत आल्यावर अमुक इतकी स्केचेस दाखवा असे मागू नये, तसे मागितले की तो पुन्हा सबमिशनचा दिवस होतो. विचारायचेच असेल तर एवढेच विचारावे, की दोघांचे कुठे पटले नाही, आणि तिथे समोर काय होते.